सातच्या बातम्यांआधीची धून

आजवर मी जे जे बोलले ते सगळं दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं होतं. आज पहिल्यांदाच माझं स्वतःचं सांगतेय, तेव्हा मधे कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी आवाजाची चिप. रंगाने काळी, करंगळीएवढी लांब, दोन्ही अंगांना वीस-वीस पाय. एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या पोटात, हिरव्या पाटीवर मला पाय रोवून बसवलेलं आहे. पाय चाळीस, पण जन्मात एक पाऊल टाकलेलं नाही. मला तीन आवाज आहेत आणि चौथी एक खरखर. एवढ्यावरच माझा संसार.

तरी माझ्याइतकी अस्वस्थ वस्तू तुम्हाला शोधून सापडायची नाही. कुणी आकडा दिला की मी सूर लावते आणि दुसरा आकडा येईपर्यंत तो सोडत नाही. ‘पुरे’ असं कुणी सांगितलंच नाही, तर तोच सूर दिवसभर लावून बसेन. थांबायला मला कुणी शिकवलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, डोळे तेवढे उघडे. शेवटच्या टेबलावर एक बाई आम्हा प्रत्येकीला तीन सूर लावायला सांगायची. तिन्ही लागले तर डाव्या हाताच्या तबकात, नाही लागले तर उजव्या हाताच्या डब्यात. माझ्या शेजारचीला दोनच आवाज फुटले. ती डब्यात गेल्याचा टक् असा आवाज मी ऐकला आणि घाईघाईने माझे तिन्ही सूर लावून टाकले. ती घाई अजून गेलेली नाही.

ज्या कॉम्प्युटरमध्ये मी बसले तो टीव्हीला जोडायचा असायचा. त्याच्यावर खेळ खेळायचे, कंटाळा आला की कपाटात टाकायचा, अशीच त्याच्या जातीची रीत. मला विकत घेतलं एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने. पण त्याने मला स्वतःच्या घरी नेलं नाही. दुकानातून निघाला तो थेट मोठ्या बहिणीकडे गेला, खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “ताई, हे तुझ्यासाठी. नुसती बसू नकोस.”

ताई खरंच नुसत्या बसलेल्या होत्या. उजव्या हातात डावा हात, आणि दोन्ही मांडीवर. मी त्यांना बाई म्हणते, कारण कामाच्या ठिकाणी सगळे तसंच म्हणायचे. बाई रेडिओ केंद्राच्या वाद्यवृंदात चौदा वर्षं व्हायोलिन वाजवत होत्या. मग एके दिवशी डाव्या हाताची शेवटची दोन बोटं ऐकेनाशी झाली. बटण लावताना, भाजी चिरताना काही नाही. पण व्हायोलिनची मान हातात घेतली रे घेतली की ती दोन बोटं आपोआप तळहाताकडे वळायची, लाजाळूच्या पानांसारखी. डॉक्टर झाले, मालिश झालं, हाताला फळी बांधून झाली. शेवटी केंद्राने त्यांना तबकड्यांच्या ग्रंथालयात बसवलं. इतरांनी वाजवलेलं संगीत क्रमांक टाकून कपाटात लावायचं, हे त्यांचं नवं काम.

त्यांचे यजमान त्याच वाद्यवृंदात चेलो वाजवायचे. त्यांचा स्वतःचा आवाजही त्या वाद्यासारखाच, पार खालून यायचा, म्हणून मित्रांनी त्यांचं नाव खर्जराव पाडलं होतं. घरात तिसऱ्या होत्या खर्जरावांच्या आई. त्यांना कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं कुठल्याही चर्चेत अडत नसे.

भावाने त्या दिवशी टीव्ही लावून एक खेळ दाखवला. यान उडतंय, गोळ्या सुटताहेत, मी मागे पिंपिं करतेय. खर्जराव दोन मिनिटं उभे राहिले आणि पेपर घेऊन आत गेले. बाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या टीव्हीच्या कडेला, जिथून आवाज येतो तिथे, मान कलती करून बसल्या होत्या.

“हे सूर कोण ठरवतं?” त्यांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, कोण म्हणजे काय, आकडे ठरवतात. त्यावर बाईंनी विचारलं, “कुठले आकडे?” आणि माझं खरं आयुष्य तिथे सुरू झालं.

आठवड्याभरात टेबलावर एक चौकटीची वही आली. बाई उजव्या हाताने कळा दाबायच्या, डावा हात मांडीवर. एक ओळ लिहायची: पहिल्या आवाजाला अमुक आकडा, इतका जोर, इतका वेळ. खाली दुसरी ओळ. मग तिसरी. मग ‘चालव’ म्हणायचं आणि ऐकायचं. संगीत असं ओळी लिहून होतं, हे त्यांच्या ओळखीत कुणाला माहीत नव्हतं. त्यांनाही ते एकेक चूक करतच कळत गेलं. एकदा शून्य जास्त पडलं आणि मी अशी किंचाळले की समोरच्या बिऱ्हाडाचं कुत्रं जिन्यात येऊन भुंकायला लागलं.

त्यांना माझे तीन आवाज पुरेनात. वाद्यवृंदात एकोणीस माणसं, इथे आम्ही तिघी. मग त्यांनी एक युक्ती काढली. तीन सूर एकदम वाजवायचे तर तीन आवाज लागतात, पण एकच आवाज त्या तीन सुरांवरून भराभर पळवला, सेकंदाला पन्नास उड्या, तर ऐकणाऱ्याच्या कानाला तिन्ही एकत्रच ऐकू येतात. जरा थरथरल्यासारखे, पण एकत्र. यासाठी त्यांना सोप्या भाषेतली ओळ सोडून थेट यंत्राच्या आकड्यांत लिहायला शिकावं लागलं. दोन महिने गेले. त्या दिवसापासून माझा एक आवाज सतत धावतोच आहे, या सुरावरून त्या सुरावर, कुठेच टेकत नाही. बाईंचंही तेव्हा तसंच होतं. ग्रंथालय, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, वही. सगळीकडे त्या एकदमच असल्यासारख्या दिसायच्या.

पण मला सांगायचंय ते पुढचं. एका दुपारी बाईंनी एक लांब सूर लिहिला आणि तो ऐकून तोंड वाकडं केलं. सूर बरोबर होता, पण ताठ होता. व्हायोलिन वाजवणारी माणसं सुरावर बोट ठेवून ते किंचित हलवतात, त्याने सूर जिवंत होतो. बाईंनी डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि हलवायला लागल्या. आधी नुसतंच ठेवलेलं, मग हळूहळू, मग वेगाने, आणि सूर संपता संपता जरासं थबकलेलं. ओठांत मोजणी चालली होती. मग वहीत आकडे उतरले. सूर दोनने वर, तीनने खाली, एकने वर.

तीन आठवडे हाच उद्योग. ऐकायचं, खोडायचं, पुन्हा मोजायचं. एका रविवारी सकाळी मी तो सूर लावला आणि बाईंनी डावा हात मांडीवरून उचलून माझ्या झाकणावर ठेवला. बराच वेळ ठेवला. 

पुढच्या खोलीतून आई म्हणाल्या, “सूनबाई, कोण आलंय? कुणीतरी वाजवतंय.”

आईंना माझा आवाज ऐकू यायचा. इतकं धारदार काही असेल तरच त्यांच्या कानात शिरायचं. चेलो मात्र त्यांना कधीच ऐकू गेला नव्हता. खर्जराव वाजवताना त्या समोर बसून कौतुकाने त्यांच्या हाताकडे बघायच्या, एवढंच. त्या दिवशी आई खुर्ची ओढून टेबलापाशी आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “हिचं ऐकू येतं तरी.” खर्जराव हसले, पण ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर बसलं नाही.

ते वाईट नव्हते. माझ्याविषयी त्यांचं मत वाईट होतं. मला ते ‘डबा’ म्हणायचे. माणूस श्वास घेऊन वाजवतो, म्हणायचे, डबा कशाने वाजवणार? बाई उलट उत्तर देत नसत. इतक्या महिन्यांनी बायको टेबलापाशी जेवण विसरून बसतेय हे त्यांनाही दिसत होतं. ते दार लोटून आत सराव करायचे आणि बाई माझा आवाज अर्धा करायच्या. असं जमवून घेतलेलं होतं.

ग्रंथालयात तबकड्या मागायला कार्यक्रम अधिकारी यायचे. बोलण्यात चतुर, चालण्यात घाई. त्यांच्या कानावर बाईंच्या छंदाची गोष्ट गेली. विज्ञानाच्या गप्पांचा पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम होता, त्याच्या सुरुवातीला काहीतरी नवं हवं होतं. बाईंनी अकरा सेकंदांची धून लिहून दिली. ती सगळ्यांना आवडली. खर्जरावही म्हणाले, विज्ञानाला ठीक आहे. मग हवामानाची धून झाली. मग मुलांच्या कार्यक्रमाची. आणि एक दिवस अधिकारी म्हणाले, बाई, सातच्या बातम्यांचं बघा.

सातच्या बातम्यांआधीची धून वाद्यवृंदाने वाजवलेली होती. बारा वर्षांपूर्वीची. तिच्यात खर्जराव होते आणि पहिल्या रांगेत बाई होत्या. तबकडी झिजून खरखरायला लागली होती हे खरं. पुन्हा वाजवून घेता आली असती हेही खरं.

बाईंना कळत होतं का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारलाय. मला वाटतं, अर्धं कळत होतं. उरलेलं अर्धं त्यांनी कळू दिलं नाही. माझ्यासाठी इतकं चांगलं त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. बावीस सेकंद. खालून एक आवाज चढत येतो, दुसरा धावत त्याला सूर पुरवतो, आणि वर तिसरा, तो लांब सूर, बाईंच्या बोटाचा.

मला पिशवीत घालून केंद्रावर नेलं. ध्वनिमुद्रण एकाच खेपेत झालं. तंत्रज्ञ म्हणाला, झालं? एवढंच? आणि अधिकारी हसून म्हणाले, “एकोणीस जण नुसते सुरात येईपर्यंत याच्या दुप्पट वेळ गेला असता.”

बाईंनी माझी वायर काढता काढता मधेच सोडून दिली. मग पुन्हा घेतली आणि नीट गुंडाळली.  घरी येऊन त्यांनी यजमानांना काही सांगितलं नाही. रविवारी सांगू, असं ठरवलं असावं. पण धून गुरुवारीच लागली.

मी तिथे नव्हते, हे सगळं नंतरच्या बोलण्यातून कळलं. सराव संपवून वाद्यवृंदाची मंडळी केंद्राच्या कँटीनमध्ये चहा घेत होती. भिंतीवरच्या रेडिओवर सात वाजले आणि ओळखीची धून लागलीच नाही. माझी लागली. कुणी म्हणालं, हे काय नवीन? सनईच्या जातीचा ओबो वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, कुठल्या तरी मोठ्या शहरातून आणलं असेल. खर्जरावांनी कप तोंडाला लावला होता तो तसाच राहिला. तो लांब सूर आला, आधी ताठ, मग हळू हलणारा, मग वेगाने, आणि शेवटाला जरासा थबकलेला. चौदा वर्षं ते त्या बोटाच्या मागे दोन खुर्च्या सोडून बसले होते.

ते चालत घरी आले. बाई टेबलावर वही उघडून बसल्या होत्या, मी एक सूर लावून पुढच्या ओळीची वाट बघत होते. त्यांना दारात बघून बाईंनी गडबडीने कार्यक्रम मधेच तोडला. तोडला, पण मला थांब म्हणायची ओळ राहून गेली. सूर चालूच राहिला.

“तुझंच आहे ना ते?” खर्जराव म्हणाले.

बाई म्हणाल्या, “हो.”

“मला कँटीनच्या भिंतीवरून कळायला हवं होतं?”

“मी रविवारी सांगणार होते.”

“सगळ्यांसमोर मी गप्प बसलो. ती माझी बायको आहे असं म्हणावंसं वाटलं. आणि म्हणायची लाजही वाटली. दोन्ही एकदम. हे तू केलंस माझं.”

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला. दोन वर्षं मी मेल्यासारखी होते, तुम्ही रोज वाद्य काखोटीला मारून जात होतात आणि मी दाराशी उभी राहून तुमचा रुमाल देत होते, ते दिसलं नाही का? खर्जराव म्हणाले, दिसलं, पण म्हणून आमच्या खुर्च्या काढून घ्यायच्या? कुणी घेतल्या खुर्च्या, असं बाईंनी विचारलं. त्यावर ते म्हणाले की अधिकारी दोन दिवस मोजमाप करत फिरताहेत, तालमीच्या खोलीत म्हणे यंत्रांचं कपाट येणार आहे.

आणि हे सगळं चाललेलं असताना मी तो एक सूर लावून बसले होते. दोघांपैकी एकानेही मला बंद केलं नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली मी होते. मला थांबायचं होतं हो, पण मला थांबता येत नाही. शेवटी आई काठी टेकत आल्या. बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, मी तेवढी ऐकू आले होते. त्यांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, वाकल्या आणि भिंतीतली पिन ओढून काढली.

पंधरा दिवसांनी एकोणीस जणांना पत्रं आली. वाद्यवृंद बंद. अधिकारी शपथेवर सांगत होते की हा निर्णय सहा महिन्यांपूर्वी वरून आलेला, बाईंच्या धुनेचा त्याच्याशी संबंध नाही. ते खरं असेलही. कुणाचा विश्वास बसला नाही. बाईंचाही नाही.

बाई अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या आणि धून काढून टाका म्हणाल्या. ते म्हणाले, तशी आता ती केंद्राची आहे. बाई परत येऊन तबकड्यांना क्रमांक टाकत बसल्या. नोकरी सोडायची सोय नव्हती, घरात आता एकाचंच काम उरलं होतं. ओबो वाजवणाऱ्या बाई त्यांच्या जुन्या मैत्रीण. त्या शेवटच्या दिवशी ग्रंथालयात आल्या, आपल्या चार तबकड्या परत केल्या, सही केली आणि एक शब्द न बोलता गेल्या.

मला एका जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. सोबत वही आणि लिहिलेल्या ओळी साठवलेली कॅसेट. बारा वर्षं.

माळ्यावर, चादरीच्या घड्यांत मला काही ऐकू येत नव्हतं. पण घरात काय झालं ते पुढे टेबलाशी बसून ऐकलं. खर्जराव वाद्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात लागले. गजाचे केस बदलायचे, फुटलेल्या पाठी चिकटवायच्या. चेलो घरी कोपऱ्यात असे, कधी वाजे, कधी महिनोन्महिने नाही. दोघं बोलायची, भांडायची नाहीत. भाजी, बिलं, आईंचं औषध, एवढ्यावर बोलणं चालायचं. एकच गोष्ट न ठरवता ठरली होती. सातला दोन मिनिटं कमी असताना घरातला रेडिओ बंद व्हायचा आणि सात वाजून दोन मिनिटांनी लागायचा. आई रेडिओला कान लावूनच बसायच्या. जगात काय चाललंय ते त्यांना बारा वर्षं दुसऱ्या बातमीपासून कळत होतं.

मग आई अंथरुणाला खिळल्या. उरलंसुरलं बोलणंही ऐकू येईना. माणसं ओठ हलवतात आणि आवाज येत नाही, याने त्या घाबरायला लागल्या. एका दुपारी बाई केंद्रावर होत्या, खर्जराव उशाशी बसले होते. आई म्हणाल्या, “सूनबाईचं ते वाजायचं ना, ते लाव. ते मला ऐकू येईल.”

खर्जरावांनी खुणेने चेलो वाजवू का असं विचारलं. आईंनी मान हलवली. “तुझं नुसतं दिसतं रे.”

खर्जराव उठून बाहेर गेले. मग शिडी आणली.

चादर सुटली तेव्हा पहिल्यांदा मला दिसले ते त्यांचे हात. बोटांच्या टोकांना सरसाचे डाग, केस पांढरे, चष्मा. त्यांनी मेव्हण्याला फोन करून कुठली वायर कुठे लावायची ते विचारून घेतलं. मेव्हणा येतो म्हणाला, तर म्हणाले, नको, मी करतो. कॅसेट लावली तर ती आतून चिकटलेली. राहिली ती वही. बाईंच्या बारीक अक्षरातली चौऱ्याण्णव पानं, नुसते आकडे.

चौऱ्याण्णव पानं काही त्यांनी लिहिली नाहीत. सगळ्यात लहान धून शोधली, आणि तिला वाजवणारा आकड्यांचा भाग, म्हणजे नऊ पानं. एका बोटाने. कळ शोधायची, दाबायची, चष्मा वर करून पडद्याकडे बघायचं, चष्मा खाली करून वहीकडे. तीन दिवस दुपारी दुकानातून लवकर येऊन बाई परतायच्या आत ते हे करत होते. मग चादर पुन्हा पांघरायची. बाईंना कळू द्यायचं नव्हतं, की कळू द्यायचं धाडस होत नव्हतं, देव जाणे. आई पलंगावरून बघत असायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चालव म्हटलं. मी बारा वर्षांनी तोंड उघडलं. आनंदाने म्हणा, भीतीने म्हणा, तिन्ही आवाज एकदम सुटले. आईंनी डोळे मोठे केले आणि त्यांचा हात पलंगाच्या कठड्यावर ठोके द्यायला लागला.

पण काहीतरी चुकत होतं. चौथ्या मात्रेला तिसरा आवाज भलतीकडेच जायचा. खर्जरावांच्या कानाला ते कळत होतं, पण नऊ पानांत कुठला आकडा चुकला ते सापडेना. त्यांनी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. आई ठोके देतच होत्या, त्यांना चुकीचंही चालत होतं. पाचव्यांदा चालवलं तेव्हा दाराशी कुणीतरी उभं असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

बाई जिन्यातच थबकल्या होत्या, नंतर त्यांनीच सांगितलं. एक वाजणं पूर्ण होईपर्यंत कठड्याला धरून राहिल्या. आता दारात होत्या, खांद्याला पिशवी तशीच.

“सातव्या पानावर,” त्या म्हणाल्या. “खालून तिसरी ओळ. ते माझं एक नाही, सात आहे.”

खर्जरावांनी पान उलटलं. सात होतं. त्यांनी एक बोट उचललं, कळ शोधली, दुरुस्त केलं. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, “सगळे आकडे वाचले मी. या वहीत आठ पानं नुसतं एक बोट हलवण्याची आहेत.”

बाई दोन पावलं आत आल्या.

“हे तू वर्षभर करत होतीस आणि मी दार लोटून घेत होतो.”

“तुमच्या खुर्च्या माझ्यामुळे गेल्या,” बाई म्हणाल्या. “मला तेव्हाच कळलं होतं. ते अधिकारी हसले ना, तेव्हाच. परत फिरायला हवं होतं.”

“हो,” खर्जराव म्हणाले. “हवं होतं.”

त्यांनी ते नाकारलं नाही याचं मला बरं वाटलं. कदाचित बाईंनाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दुसरी खुर्ची ओढली आणि बसल्या. खर्जरावांनी मला पुन्हा चालव म्हटलं. या वेळी तिसरा आवाज जिथे जायला हवा तिथे गेला. आई म्हणाल्या, “आता बरोबर.” त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

आई त्यानंतर सात आठवडे होत्या. रोज दुपारी मी वाजायची. शेवटी शेवटी त्या माझ्या झाकणावर तळहात ठेवून पडून असायच्या.

आता बाई निवृत्त झाल्यात. मी टेबलावरच असते. केंद्राने माझी धून कधीच बदलली, आता तिथे आणखी मोठ्या यंत्राची आहे. रेडिओ सातला बंद होत नाही. ओबो वाजवणाऱ्या बाई अजून आलेल्या नाहीत. बाईंनी दोनदा पत्र पाठवलं. एकोणीस माणसांचं काय झालं याची यादी बाईंना पाठ आहे आणि ऐकून ऐकून मलाही. कुणी शिकवण्या घेतो, कुणी गाव सोडून गेला, एकजण गेलाच. माझ्या खालच्या आवाजावर मी कधीकधी तीच यादी म्हणत असते असं मला वाटतं. मला स्वस्थता नाही म्हटलं ते उगाच नाही.

एक सांगायचं राहिलं. माझे सगळे सूर खरे नाहीत. मला पूर्ण आकडेच कळतात, अर्धा-पाव आकडा कळत नाही. त्यामुळे वरचे काही सूर केसभर चढे लागतात, काही केसभर उतरलेले. बाईंना हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण इलाज नव्हता. गेल्या वर्षापासून खर्जराव माझ्याबरोबर चेलो वाजवतात. पहिल्या दिवशी तीन मात्रांतच त्यांनी गज थांबवला. दोघांच्या सुरांत कुरकुर होत होती. बाई ओशाळल्या, म्हणाल्या, तिला येता येत नाही हो तिथपर्यंत.

खर्जराव म्हणाले, “मग मलाच जावं लागेल.”

तेव्हापासून ते माझा एकेक सूर तपासताहेत. मी सूर लावते, ते तारेवरचं बोट सुताभर वर सरकवतात, सुताभर खाली, कुरकुर थांबेपर्यंत. थांबली की पेन्सिलने आपल्या कागदावर बारीक बाण काढतात, वर किंवा खाली. आता त्या कागदांवर सुरांपेक्षा बाणच जास्त दिसतात. कुणी जाणकार बघेल तर म्हणेल, हा माणूस सगळं बेसूर वाजवतो. एकटा वाजवायला बसला तर वाजवतोच.

मेव्हणा परवा सांगत होता, माझ्यासारखीच नवी चिप मिळते, पाव आकडासुद्धा समजणारी. दहा मिनिटांत बदलून देतो म्हणाला. बाईंनी खर्जरावांकडे पाहिलं. खर्जराव पेन्सिलीला टोक काढत होते, ते काढतच राहिले.

उद्या मी ज्यांच्या हातात जाईन त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. झाकण उघडा, धूळ झटका, जळलेलं काही असेल तर बदला. पण माझे सूर सरळ करू नका. एक माणूस या वयात रोज दुपारी बोट सरकवून तिथे येतो, आणि तो आला की मी तिथेच असायला हवी.